संरक्षण सामग्री स्वतः बनवायची तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा देश आपली शस्त्रं स्वतः बनवू लागतो म्हणजे नेमकं काय करतो, त्याला किती वर्षं लागतात आणि गाडी कुठे अडते, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं वेगवेगळ्या देशांची आहेत, कारण अडचणी सगळीकडे जवळपास त्याच निघतात.

एखादं शस्त्र खरोखर स्वदेशी आहे हे ओळखायचं कसं?

सहसा टक्केवारी पाहिली जाते. भारताच्या २०२० च्या संरक्षण खरेदी नियमावलीत सर्वात वरच्या प्राधान्याच्या वर्गासाठी आरेखन देशात झालेलं असावं आणि किमतीचा किमान ५० टक्के भाग देशी असावा, अशी अट आहे. खरेदीच्या कागदावर असा आकडा लागतोच. पण तो किमतीवर मोजला जातो, आणि किमतीत सांगाडा, वायरिंग, जुळणीची मजुरी हे सगळं धरलेलं असतं. समजा एखादं विमान ७० टक्के देशी आहे आणि उरलेले ३० टक्के म्हणजे इंजिन, रडार आणि इजेक्शन सीट. ही तीन खोकी बाहेरून आली नाहीत, तर देशी ७० टक्के हँगरमध्येच उभे राहतात.

त्यापेक्षा हे विचारावं: आरेखनात बदल करायचा झाला तर परवानगी कोणाची लागते? आपलं नवं क्षेपणास्त्र विमानाला जोडायचं तर मिशन कॉम्प्युटरचा (विमानातली शस्त्रं आणि उपकरणं चालवणाऱ्या संगणकाचा) सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, कोणाकडे आहे? तिसऱ्या देशाला विकायचं तर कोणाची सही लागते? आणि भाग तुटला तर तो का तुटला हे सांगणारा माणूस कुठे बसतो? या सगळ्यांची उत्तरं देशातच मिळत असतील, तर चाळीस टक्के भाग आयात असले तरी वस्तू आपली आहे. मिळत नसतील तर नव्वद टक्के देशी असूनही आपण फक्त जुळणी करतो आहोत.

सुरुवात कुठून करायची?

दुरुस्तीपासून. नवं लढाऊ विमान किंवा रणगाडा हाती घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण ज्यांना पुढे जमलं त्यांनी आधी दुसऱ्यांची यंत्रं उघडली. इस्रायलने शेरमन आणि सेंच्युरियन रणगाड्यांच्या तोफा आणि इंजिनं बदलत बरीच वर्षं काढली, आणि मग १९७९ मध्ये स्वतःचा मेरकावा सैन्यात दाखल केला.

ओव्हरहॉलच्या, म्हणजे यंत्र पूर्ण उघडून दुरुस्त करण्याच्या, कारखान्यात सर्वात मौल्यवान वस्तू असते ती बिघाडांची नोंदवही. कोणता भाग किती तासांनी जातो, वाळवंटात कुठे झिजतो आणि समुद्रकाठी कुठे गंजतो, हे मूळ उत्पादक कधीच पूर्ण सांगत नाही. त्यातून सुटे भाग बनवायची यादी निघते. जास्त खपणारे आणि कमी धोक्याचे आधी: फिल्टर, सील, होज, ब्रेक पॅड. मग गिअर आणि बेअरिंग. उड्डाणाच्या सुरक्षिततेशी थेट संबंध असलेले भाग सर्वात शेवटी.

इथे एक नेहमीची फसगत होते. जुना गिअर मोजून ड्रॉइंग काढता येतं, पण मापावरून टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, कळत नाही. हातात आलेला नमुना मर्यादेच्या वरच्या टोकाचा होता की खालच्या, हे एकाच नमुन्यावरून कसं ठरवणार? किमान पाच-दहा न वापरलेले नमुने मोजावेत, एक कापून पृष्ठभागापासून आतपर्यंत कडकपणा कसा उतरत जातो ते पाहावं, आणि धातूचं रासायनिक पृथक्करण करावं. एवढं करूनही आधी कार्ब्युरायझिंग (पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कडक करणं) की आधी ग्राइंडिंग (घासून माप आणणं), मधे किती साहित्य राखून ठेवलं, हे स्वतःच शोधावं लागतं.

तंत्रज्ञान हस्तांतरणात हाती काय येतं?

ड्रॉइंग, प्रक्रियांचे तक्ते, जिग-फिक्स्चरची (काम करताना भाग पकडून ठेवणाऱ्या साधनांची) यादी आणि काही महिन्यांचं प्रशिक्षण. म्हणजे वस्तू कशी बनवायची ते. ती तशीच का आहे, कोणते पर्याय का टाकून दिले, भिंतीची जाडी अमुक मिलीमीटरने कमी केली तर काय होईल, हे करारात लिहून घेतलं नसेल तर मिळत नाही. विकणारा ते फुकट का देईल? तीच त्याची पुंजी आहे.

मिळालेलं तंत्रज्ञान वापरलं नाही तर ते पडूनही राहतं. भारताने १९८६ मध्ये स्वीडनकडून १५५ मिलीमीटरची बोफोर्स तोफ घेतली तेव्हा तांत्रिक कागदपत्रंही आली होती. देशात उत्पादन मात्र झालं नाही. त्याच आरेखनावर आधारलेल्या, लांब नळीच्या धनुष तोफेला मोठ्या उत्पादनाची मंजुरी मिळाली ती २०१९ मध्ये. मधल्या तीन दशकांत अशा कागदांमागचं जग बदलतं: प्रशिक्षण घेतलेले लोक निवृत्त होतात, धातूंची मानकं बदलतात, सुट्या भागांचे पुरवठादार बंद पडतात.

करार करताना आग्रह धरावा तो या गोष्टींचा: चाचण्यांची मूळ आकडेवारी, आरेखन बदलण्याचा हक्क, स्थानिक धातू आणि रसायनं पर्यायी म्हणून मंजूर करून घेण्याची पद्धत, आणि उष्णता-प्रक्रिया, लेपन, वेल्डिंग यांसारख्या विशेष प्रक्रियांचे पूर्ण तपशील. आणि "नाही" हे उत्तर गृहीत धरून तयारी ठेवावी. दक्षिण कोरियाने अमेरिकी एफ-३५ विमानं घेतली, पण कोरियाला स्वतःच्या लढाऊ विमानासाठी हवी असलेली चार तंत्रज्ञानं द्यायला २०१५ मध्ये अमेरिकेने नकार दिला. त्यात सक्रिय अ‍ॅरे रडारची, म्हणजे न फिरता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने किरण वळवणाऱ्या रडारची, जोडणीही होती. कोरियाने ते रडार घरीच विकसित केलं आणि त्यांच्या केएफ-२१ या लढाऊ विमानाने जुलै २०२२ मध्ये पहिलं उड्डाण केलं. हे शक्य झालं, कारण त्यांची संरक्षण संशोधन संस्था १९७० पासून अखंड चालू होती. नकार आल्यावर कामाला लागणारे लोक आधीच नोकरीत होते.

सगळे इंजिनावरच का अडतात?

कारण जेट इंजिनात धातुशास्त्र, ओतकाम, वायुगतिकी आणि चाचणी या चारही गोष्टी एकाच वेळी टोकाला न्याव्या लागतात. टर्बाइनच्या पहिल्या ओळीच्या पात्यांभोवतीचा वायू आधुनिक लढाऊ इंजिनात १,५०० अंश सेल्सिअसच्या वर जातो, आणि पात्याचा निकेल मिश्रधातू साधारण १,३०० ते १,४०० अंशांवर वितळू लागतो. म्हणजे पातं आपल्या वितळणबिंदूपेक्षा तापलेल्या वायूत, मिनिटाला हजारो फेऱ्या मारत, शेकडो तास टिकलं पाहिजे.

त्यासाठी पातं पोकळ ओततात. आत सिरॅमिकचा गाभा, भोवती मेण, त्यावर सिरॅमिकचे थर. मग मेण काढून टाकून निर्वात भट्टीत धातू ओतायचा आणि साचा मिनिटाला काही मिलीमीटर इतक्या संथ गतीने भट्टीबाहेर खेचायचा, म्हणजे संपूर्ण पातं एकाच स्फटिकाचं गोठतं. खेचण्याचा वेग किंवा तापमानाचा उतार थोडा चुकला की कडेला दुसराच स्फटिक उगवतो. गाभा केसभर सरकला की एका बाजूची भिंत पातळ होते. ही दोन्ही पाती बाहेरून अगदी निर्दोष दिसतात, म्हणून प्रत्येक पात्याची क्ष-किरण तपासणी करावी लागते. सुरुवातीला भंगारात जाणारी पाती चांगल्या पात्यांपेक्षा जास्त असतात, आणि ते प्रमाण खाली आणणं हेच खरं काम. ते पुस्तकात मिळत नाही. रोज भट्टी चालवूनच ते येतं.

दुसरी अडचण चाचणीची. उंचावरची विरळ, थंड हवा जमिनीवर तयार करणारं चाचणीगृह लागतं, आणि नवं इंजिन लावून उडवता येईल असं मोठं विमानही. भारताकडे हे दोन्ही नसल्यामुळे तेजस लढाऊ विमानासाठी बनवलेलं कावेरी इंजिन रशियाला न्यावं लागलं. तिथे २०१० मध्ये ते आयएल-७६ विमानावर उडालं. चाचणीसाठी परदेशात नंबर लावायचा म्हटलं की प्रत्येक दुरुस्तीची फेरी महिन्यांची होते. कावेरीला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली, ठरलेला जोर मिळाला नाही आणि २००८ मध्ये ते तेजस प्रकल्पापासून वेगळं करण्यात आलं.

विमान आणि नवं इंजिन एकमेकांच्या भरवशावर बांधू नयेत, हा याचा व्यवहारी अर्थ. भारताचं मरुत विमान १९६१ मध्ये उडालं. आरेखन चांगलं होतं, पण ज्या शक्तिशाली इंजिनासाठी ते आखलं होतं ते कधी आलंच नाही, आणि कमी ताकदीच्या इंजिनामुळे विमान ठरलेला वेग गाठू शकलं नाही. स्वीडनने ग्रिपेन लढाऊ विमानासाठी अमेरिकी एफ-४०४ इंजिन घेऊन त्यात बदल केले. चीनने जे-१० लढाऊ विमान रशियन इंजिनावर उडवलं आणि स्वतःचं इंजिन शेजारी स्वतंत्रपणे वाढवत नेलं. इंजिनाचा कार्यक्रम हवाच, पण त्याला स्वतःचा पैसा, स्वतःचं चाचणीगृह आणि स्वतःची मुदत हवी.

खास पोलाद, मिश्रधातू हे बाजारातून घेता येत नाहीत का?

शांततेच्या काळात बहुतेकदा घेता येतात, पण तेव्हाही नेहमीच नाही. विक्रांत या विमानवाहू जहाजासाठी लागणारं पोलाद बाहेरून मिळेना, तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने आणि पोलाद प्राधिकरणाने मिळून डीएमआर-२४९ हे पोलाद विकसित केलं. जहाजाला ते सुमारे ३०,००० टन लागलं, आणि जहाज सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलात दाखल झालं. पोलादाची रासायनिक घडण जमली म्हणून काम संपलं नाही. त्याला जुळणारे वेल्डिंगचे इलेक्ट्रोड वेगळे बनवावे लागले आणि बरगड्यांसाठी लागणारे विशिष्ट आकाराचे बल्ब बारही. चांगलं पोलाद चुकीच्या इलेक्ट्रोडने जोडलं तर तडा जोडाशेजारी जातो.

मोठ्या प्रेसबद्दलही हेच. विमानाच्या मुख्य चौकटी एकसंध घडवायला राक्षसी ताकदीचे प्रेस लागतात. अमेरिकेने ५०,००० टनांचे प्रेस सरकारी खर्चाने १९५० च्या दशकात उभे केले, सोव्हिएत संघाने ७५,००० टनांचे, आणि चीनने २०१३ मध्ये ८०,००० टनांचा. असा प्रेस एखादा खासगी कारखानदार आपल्या हिशेबाने कधीच घेणार नाही, कारण त्याचा फायदा वीस-तीस वर्षांनी दिसतो. इथे सरकारनेच पैसा घालायचा असतो.

साध्या भागांमध्ये काय एवढं अवघड असतं?

एक उच्च ताकदीचा पोलादी बोल्ट घ्या. गंजू नये म्हणून त्याला झिंक किंवा कॅडमियमचा मुलामा देतात. मुलामा देताना धातूत हायड्रोजन शिरतो. तो बाहेर काढण्यासाठी बोल्ट काही तासांच्या आत सुमारे १९० अंशांच्या ओव्हनमध्ये घालून बराच वेळ भाजावे लागतात. शनिवारी संध्याकाळी मुलामा दिला आणि ओव्हन सोमवारी लावला, तरी माप बरोबर, कडकपणा बरोबर, ताणचाचणीही पास. बोल्ट कसला जातो आणि एक-दोन दिवसांनी, कोणताही जादा भार नसताना, त्याचं डोकं उडतं. अंतिम तपासणीत हा दोष सापडत नाही. तो फक्त प्रक्रियेच्या नोंदीत, म्हणजे टाकीतून काढल्याची वेळ आणि ओव्हनमध्ये घातल्याची वेळ यांच्या फरकात दिसतो. म्हणून लष्करी सामग्रीत वस्तूइतकाच तिचा कागद महत्त्वाचा: कोणत्या हीटचं (भट्टीच्या एका ओताचं) पोलाद, कोणती बॅच, कोणत्या दिवशी कोणी काय केलं.

तोफगोळे तरी सहज बनत असतील?

दहा हजार बनवणं जमतं. महिन्याला लाख बनवणं फार थोड्यांना जमतं. १५५ मिलीमीटरचा एक गोळा ४३ ते ४७ किलोचा, त्यात सात ते अकरा किलो स्फोटक. कवचाचं फोर्जिंग आणि यंत्रकाम वाढवता येतं. अडतं ते स्फोटक, प्रणोदक (गोळा नळीतून ढकलणारी दारू) आणि फ्यूज (गोळ्याचा स्फोट घडवणारी कळ) इथे. अमेरिकेने टीएनटी या स्फोटकाचं देशी उत्पादन १९८० च्या दशकात बंद केलं होतं. युक्रेन युद्धात मागणी वाढली तेव्हा महिन्याला १४,००० च्या आसपास असलेलं गोळ्यांचं उत्पादन एक लाखावर न्यायचं ठरलं, आणि केंटकीत नव्या टीएनटी कारखान्याचं कंत्राट द्यावं लागलं. तोफेच्या प्रणोदकासाठी लागणारं नायट्रोसेल्युलोज कापसाच्या लिंटरपासून (सरकीला चिकटलेल्या आखूड तंतूंपासून) बनतं, आणि तिथेही युरोपला आयातीची चिंता लागली. गोळे बनवण्याची क्षमता मोजायची तर शेवटच्या जुळणीपासून उलट मागे जावं, आणि सर्वात अरुंद जागा कुठे आहे ते पाहावं. एकाच पुरवठादाराकडून येणारी प्रत्येक वस्तू लाल शाईने लिहावी.

ऑर्डर एकदम द्यावी की टप्प्याटप्प्याने?

सलग द्यावी. विमानउद्योगात १९३६ पासून माहीत असलेला नियम असा, की एकूण उत्पादन दुप्पट झालं की प्रत्येक नगामागची मेहनत साधारण २० टक्क्यांनी उतरते. पहिल्याला १०० तास लागले तर दुसऱ्याला ८०, चौथ्याला ६४, आठव्याला ५१ आणि शंभराव्याला साधारण २३. पण हे काम न थांबता चाललं तरच. मधे खंड पडला की शिकलेले हात दुसरीकडे जातात.

तेजसच्या एफ-४०४ इंजिनांचंच पाहा. ६५ इंजिनं २०१६ पर्यंत देऊन झाली, पुढची ऑर्डर नव्हती, म्हणून अमेरिकी उत्पादकाने त्या प्रकारची लाइन बंद केली. २०२१ मध्ये ९९ इंजिनांची ऑर्डर गेली तेव्हा लाइन आणि पुरवठादार पुन्हा उभे करावे लागले. नव्या मागणीतलं पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळालं, आणि तोवर विमानांचे सांगाडे थांबून होते. वर्षाला कमी नग घ्यावेत, पण दहा वर्षं सलग घ्यावेत.

सैन्याला हवं ते मिळत नाही, अशी तक्रार का असते?

बऱ्याचदा मागणीपत्रच सदोष असतं. जगातल्या चार शस्त्रांच्या माहितीपत्रकांतला सर्वात चांगला आकडा प्रत्येक रकान्यात उचलला, की असं शस्त्र तयार होतं जे कोणाकडेच नसतं. वजन कमी हवं, चिलखत जास्त हवं आणि किंमतही कमी हवी. आणि प्रकल्प दहा वर्षं चालला की मधे मागण्या बदलतात. उपाय असा: पहिल्या आवृत्तीच्या अटी गोठवाव्यात, नव्या कल्पना दुसऱ्या आवृत्तीत टाकाव्यात, आणि वापरणाऱ्या दलाचे अधिकारी पहिल्या दिवसापासून आरेखनाच्या टेबलावर बसवावेत, बदली न करता.

चाचणीच्या अटींनाही हे लागू आहे. कोरियाच्या के-२ रणगाड्याच्या देशी गिअरबॉक्सला ९,६०० किलोमीटरची टिकाऊपणाची चाचणी मोठा बिघाड न होता पार करायची होती. ती झाली नाही. त्यांनी रणगाडा अडवून ठेवला नाही. दुसऱ्या तुकडीत कोरियन इंजिनाला जर्मन गिअरबॉक्स जोडला आणि देशी गिअरबॉक्सवर काम चालू ठेवलं. हा निर्णय शहाणपणाचा होता.

एखादा परदेशी भाग राहिला तर काय बिघडतं?

तो कोणता यावर अवलंबून आहे. अमेरिकेच्या शस्त्र-निर्यात नियमांत त्यांचा एक छोटा भागही अख्ख्या शस्त्राला परवान्याखाली आणतो. १९७८ मध्ये स्वीडनला विगेन विमान भारताला विकता आलं नाही, कारण इंजिन अमेरिकी आरेखनाचं होतं. इस्रायलचं कफीर इक्वाडोरला जाताना १९७७ मध्ये त्याच कारणाने अडलं. फ्रान्सच्या स्काल्प क्षेपणास्त्राची इजिप्तला विक्री २०१८ मध्ये एका अमेरिकी घटकावर अडकली. तुर्कस्तानच्या टीबी-२ ड्रोनचा कॅनडाचा कॅमेरा २०२० मध्ये बंद झाला. तिथे देशी कॅमेरा तयारीत होता म्हणून उत्पादन थांबलं नाही. परवान्याखालच्या प्रत्येक भागाची यादी, त्याला पर्याय आणि पर्याय बसवायला लागणारे महिने, हा तक्ता प्रकल्पाच्या पहिल्या वर्षीच तयार असावा.

चिपांचं दुखणं जरा वेगळं. बाजारातली चिप काही वर्षांत बंद होते, शस्त्र तीस-चाळीस वर्षं चालतं. शेवटची मोठी खरेदी करून साठा ठेवावा लागतो, नाहीतर बोर्ड पुन्हा आखावा लागतो. साठा संपल्यावर दलालांकडून घेतलेल्या चिपा बनावट निघतात: अमेरिकी सिनेटच्या २०१२ च्या अहवालात अशी सुमारे १,८०० प्रकरणं आणि दहा लाखांहून अधिक संशयित भाग नोंदले होते.

सरकारी कारखाने बरे की खासगी?

मालकी कोणाची यापेक्षा ऑर्डर, स्पर्धा आणि जबाबदारी कशी आहे हे जास्त मोजतं. स्फोटकं, मोठे प्रेस, चाचणी मैदानं सरकारकडे असणं सोयीचं. इलेक्ट्रॉनिक्स, ड्रोन, सॉफ्टवेअर खासगीत वेगाने होतं.

देशात मागणी कमी असेल तर निर्यातीवर उद्योग चालेल का?

एकट्या निर्यातीवर चालवणं धोक्याचं. ब्राझीलच्या एंगेसाने चिलखती गाड्या अनेक देशांना विकल्या, मग सौदी अरेबियावर डोळा ठेवून ओसोरिओ रणगाडा बनवला. रणगाडा चांगला होता, पण ती ऑर्डर अमेरिकी अब्राम्सला गेली, ब्राझीलच्या सैन्यानेही घेतला नाही, आणि कंपनी १९९३ मध्ये दिवाळखोर झाली. परदेशी गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न असतो, "तुमचं सैन्य हे वापरतं का?"

काही प्रकल्प सोडून द्यावेत का?

हो, आणि वेळेवर. इस्रायलच्या मंत्रिमंडळाने ऑगस्ट १९८७ मध्ये लावी लढाऊ विमान १२ विरुद्ध ११ मतांनी बंद केलं. विमान उडत होतं, पण तो खर्च देशाला पेलणारा नव्हता. त्यातले अभियंते रडार, क्षेपणास्त्रं आणि उपग्रहांकडे गेले. प्रकल्प बंद करताना लोक आणि चाचणीची आकडेवारी कुठे जाणार हे त्याच बैठकीत ठरवलं, तर खर्च वाया जात नाही.

लहान कारखान्याला यात शिरायचं असेल तर?

आधी गुणवत्ता-व्यवस्थेचं प्रमाणपत्र, विमानभागांसाठी एएस-९१००. मग एकच भाग निवडावा आणि पहिल्या नगाचा संपूर्ण तपासणी अहवाल तयार करावा: ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला क्रमांक, प्रत्येक क्रमांकासमोर प्रत्यक्ष माप. त्यानंतर पर्यावरण चाचण्या येतात: कंपन, धक्का, उष्णता, गोठण, खारट धुकं, धूळ. मंजुरीला एक-दोन वर्षं सहज जातात, आणि त्या काळात बिल निघत नाही. म्हणून नागरी काम सोडू नये आणि लष्करी काम सुरुवातीला एकूण उलाढालीच्या चौथाईत ठेवावं. पहिल्या बॅचनंतर पुरवठादार, यंत्र किंवा कामाचा क्रम बदलायचा झाला तर आधी लेखी कळवून परवानगी घ्यावी. न सांगता केलेला बदल उघड झाला की मंजुरी रद्द होते, भाग कितीही चांगला असला तरी.